जिम सोडल्यानं काउंट वाढतो का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, लग्नाला अडीच वर्षं, पत्नी २८ वर्षांची. घर कागलजवळ, नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, भट्टीच्या बाजूला. पाच वर्षं नियमित जिम. वीर्य तपासणीत काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, मिलीला ९ मिलियन आणि नीट पुढं सरकणारे शुक्राणू २४ टक्के. सासरे म्हणतात, जिमनं अंगात उष्णता होते, बंद करा. तालमीत आयुष्य गेलेले चुलते म्हणतात, लंगोट सांभाळला नाहीस, दुसरं काय. आणि जिमचा ट्रेनर म्हणतो, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे, काउंट आपोआप वर येतोय. कुणाचं ऐकू?

तिघांचंही ऐकू नका. सासऱ्यांचं आणि चुलत्यांचं ऐकलंत तर फार नुकसान नाही, पण ट्रेनरचं ऐकलंत तर वर्ष-दोन वर्षं जातील.

व्यायाम चालू ठेवा. कोल्हापुरात पुरुषांच्या वंध्यत्वाचं काम करताना माझ्यापुढं तालमीतले, जिममधले, भरतीसाठी पळणारे असे सगळे बसतात. निव्वळ व्यायामानं काउंट बिघडलाय असा माणूस त्यांत क्वचित सापडतो. व्यायामाच्या आडून जे आत येतं त्यानं बिघडलेले मात्र भरपूर. तुमच्या पत्रातही तशी एक ओळ आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली: "प्रोटीनशिवाय काही घेतलं नाही, गेल्या वर्षी ट्रेनरनं दिलेला एक कोर्स सोडला तर." त्याच्याकडं येतोच. आधी रिपोर्ट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत काउंटची खालची मर्यादा मिलीला १६ मिलियन दिली आहे, म्हणजे एक कोटी साठ लाख. एका वेळच्या एकूण वीर्यात ३९ मिलियन, आणि पुढं सरकणारे ३० टक्के. ही मर्यादा ठरवताना ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे रिपोर्ट घेतले आणि त्यांतल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांशी रेघ मारली. म्हणजे रेघेखालचेही काहीजण बाप झालेले होतेच. ९ मिलियन हा आकडा कमी आहे, दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण "मूल होणार नाही" असा त्याचा अर्थ नाही. घरात कुणी तसं बोललं असेल तर तो विषय तिथंच मिटवा.

शिवाय हा एकच रिपोर्ट आहे. एकाच माणसाचा काउंट महिन्या-महिन्याला दुप्पट-निमपट होऊ शकतो, म्हणून एका कागदावर आम्ही निदान करत नाही. तुमच्या नमुन्यात दोन गोष्टी मला खटकल्या. तुम्ही दहा दिवस थांबून नमुना दिलात. थांबायचं असतं दोन ते सात दिवस. आणि घरून नमुना घेऊन निघालात, लॅब उघडायची होती, बाहेर वाट बघत बसलात. नमुना तासाभराच्या आत तपासायला लागला पाहिजे, अर्ध्या तासात लागला तर उत्तम. उशीर झाला की शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि रिपोर्टवर मोटिलिटी पडलेली दिसते. गारगोटी-चंदगडकडची मंडळी तर डबी पिशवीत घालून एसटीनं येतात! शक्यतो लॅबमध्येच नमुना द्यावा. संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण चांगल्या लॅबमध्ये वेगळी खोली असते. घरून आणायचाच असेल तर डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवून आणा. साधा निरोध वापरून नमुना घेऊ नका, त्याच्यावरच्या द्रव्यानं शुक्राणू मरतात. आणि सुरुवातीचा थोडा भाग सांडला असेल तर लाजू नका, तसं सांगा, कारण बरेचसे शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात.

आता वेळेचं गणित, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. एक शुक्राणू तयार व्हायला ७२ ते ७४ दिवस लागतात. मग अंडकोषाच्या मागच्या बारीक नळीत पिकत पुढं सरकायला आणखी साधारण दोन आठवडे. म्हणजे आजचा रिपोर्ट तुमचे गेले तीन महिने दाखवतो. मध्यंतरी डेंग्यू किंवा टायफॉइडचा मोठा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने काउंट पडलेलाच राहणार. आणि आज तंबाखू सोडलीत तर पुढच्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये काही दिसणार नाही. पंधरा दिवसांत फरक दाखवणाऱ्या पुड्या आणि कॅप्सूल विकणाऱ्यांना हे गणित विचारावं.

आता तो 'कोर्स'. ट्रेनरनं काय दिलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आमच्याकडं पोरं सांगतात ती नावं ठरलेली: डेका, सस्टा, डायना. सगळी एकाच घरातली, म्हणजे पुरुषी हार्मोन किंवा त्याचे कारखान्यात केलेले भाऊबंद. स्नायू फुगतात, वजन उचललं जातं, आरशात बरं दिसतं. मग पुरुषी हार्मोन घेतलं तर शुक्राणू वाढायला हवेत, हा ट्रेनरचा तर्क ऐकायला सरळ आहे. शरीरात मात्र उलटं घडतं.

मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची ग्रंथी आहे. ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडून अंडकोषाला कामाचा हुकूम देते. एलएचच्या हुकमानं अंडकोष स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवतो, एफएसएचच्या मदतीनं शुक्राणू घडतात. शुक्राणू घडायला अंडकोषाच्या आत जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं, आणि ते तिथंच तयार व्हावं लागतं. दंडात टोचून तेवढं तिथं पोहोचत नाही. उलट बाहेरून आलेला माल रक्तात भरपूर दिसला की मेंदू हुकूम द्यायचं थांबवतो. गोदाम साखरेनं गच्च भरलंय म्हटल्यावर कारखाना गाळप कशाला चालू ठेवेल? एलएच, एफएसएच खाली बसतात, आतलं टेस्टोस्टेरॉन आटतं, अंडकोष मऊ आणि लहान होतात, शुक्राणू बंद.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिलं. सहा महिन्यांत जवळजवळ दोन तृतीयांश पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. जिममध्ये एका 'सायकल'ला, म्हणजे इंजेक्शनं-गोळ्यांच्या एका कोर्सला, याच्यापेक्षा जास्त डोस सर्रास चालतो. म्हणजे तुमचा ट्रेनर मूल होण्यासाठी जे औषध सुचवतोय, ते मूल होऊ नये म्हणून तपासलेलं आहे.

बरी बाजू अशी की बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं. अशा गर्भनिरोधक चाचण्यांतल्या पुरुषांची माहिती २००६ मध्ये एकत्र करून पाहिली गेली. औषध थांबवल्यावर मिलीला २० मिलियनपर्यंत सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश, वर्षात ९० टक्के, आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळे पोहोचले. पण त्या माणसांना एकच औषध, ठरलेल्या मापात, डॉक्टरच्या देखरेखीत मिळत होतं. जिममधली बाटली खरी का खोटी, तिच्यात नक्की काय आहे, कशाबरोबर मिसळून घेतलं, याला काही धरबंध नसतो. डेकासारखी औषधं शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात. वर्षानुवर्षं सायकल मारणाऱ्यांना दोन वर्षंही पुरत नाहीत.

म्हणून तुमची पहिली रक्त तपासणी एफएसएच, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं. एलएच आणि एफएसएच दोन्ही तळाला असतील तर वरून हुकूम येत नाहीये, म्हणजे कोर्सचा परिणाम अजून बाकी आहे आणि सुधारणेला चांगला वाव आहे. एफएसएच चढलेलं असेल तर मेंदू ओरडतोय पण अंडकोषच साथ देत नाहीये, मग शोध वेगळ्या दिशेनं घ्यावा लागतो. दोन्ही आकडे मधोमध असतील तर बाकीची कारणं बघायची. दाबलेली यंत्रणा उठवायला एचसीजीची इंजेक्शनं किंवा क्लोमिफीनसारख्या गोळ्या आम्ही काही वेळा देतो, पण ते रक्ताचे आकडे बघत, माणूस बघत. जिममध्ये 'पीसीटी', म्हणजे सायकलनंतरचा उपचार, म्हणून तीच औषधं अंदाजानं विकली जातात. ती घेऊन आलेल्या माणसाचे रिपोर्ट वाचणं म्हणजे आमची डोकेदुखी. आणि पावतीशिवाय, सुट्या डब्यातून येणाऱ्या 'प्रोटीन' पावडरचाही विश्वास धरू नका. लेबलवर न लिहिलेली स्टेरॉईड्स अशा मालात सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत.

कोर्स बाजूला ठेवला की उरतो निव्वळ व्यायाम, आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखं बहुतेक चांगलंच आहे. अमेरिकेत रोचेस्टरच्या १८ ते २२ वयाच्या १८९ तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात आठवड्याला १५ तास किंवा जास्त मध्यम-जोरकस हालचाल करणाऱ्यांचा काउंट सगळ्यात कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त होता. आठवड्याला २० तासांहून जास्त टीव्ही बघणाऱ्यांचा, अजिबात न बघणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी. असे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत. पळणारा पोरगा झोपतोही वेळेवर, खातोही बरं. पण व्यायामानं वजन आटोक्यात राहतं, साखर आटोक्यात राहते, झोप लागते, आणि हे तिन्ही अंडकोषाला मानवतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तुम्ही तेवढं करताच. रोज संध्याकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्याचंही त्यात सहज भागतं.

व्यायाम बाधतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे अतिरेक, आणि त्यात खाणं तोडणं. भरतीच्या तयारीत सकाळ-संध्याकाळ पळायचं, दुपारी वजनं, आणि वजन उतरवायचं म्हणून जेवण निम्मं. शरीराला हा दुष्काळ वाटतो, आणि दुष्काळात ते वंश वाढवण्याचं काम आधी बंद करतं. टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा मावळते, सकाळी येणारी ताठरता नाहीशी होते, आठवडाभर विश्रांती घेऊनही थकवा जात नाही. अशी लक्षणं असतील तर व्यायामाचं प्रमाण कमी करा, जेवण वाढवा. तुम्ही दीड तास जिम करता, आठवड्यातून एक सुट्टी घेता, यात मला अतिरेक दिसत नाही.

दुसरं ठिकाण सायकल. खरी, दोन चाकांची. बोस्टनमधल्या अभ्यासात वंध्यत्व केंद्रात आलेल्या दोन हजारांहून जास्त पुरुषांत एकूण व्यायामाचा काउंटशी संबंध दिसला नाही, पण आठवड्याला पाच तासांपेक्षा जास्त सायकल चालवणाऱ्यांत कमी काउंट आणि कमी हालचाल जास्त आढळली. ब्रिटनमधल्या पाच हजार सायकलस्वारांच्या पाहणीत मात्र वंध्यत्वाशी नातं सापडलं नाही. माझा सल्ला व्यवहारी: रविवारी जोतिबाला किंवा पन्हाळ्याला सायकल काढणाऱ्यानं काळजी करू नये, रोज तास-दोन तास सीटवर बसणाऱ्यानं मूल होईपर्यंत थोडं कमी करावं, सीट रुंद घ्यावी, मधून मधून पॅडलवर उभं राहावं.

आता सासऱ्यांची उष्णता. त्यांचं निदान चुकलं असलं तरी त्यांनी हात बऱ्यापैकी जवळ नेलाय. अंडकोष शरीराबाहेर पिशवीत लटकतात ते उगाच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. थंडीत पिशवी आवळते, उकाड्यात सैल सुटते, आणि आत येणारं गरम रक्त शेजारच्या शिरांतल्या थंड झालेल्या रक्ताला उष्णता देऊन मगच अंडकोषात पोहोचतं. जिममध्ये तासभर घाम गाळल्यानं ही व्यवस्था मोडत नाही. ज्वारी-बाजरी, तांबडा रस्सा, आंबा यांची जी 'उष्णता' घरात बोलली जाते तिचाही अंडकोषाच्या तापमानाशी संबंध नाही. तुमची खरी उष्णता जिममध्ये नसून भट्टीपाशी आहे, आठ तासांच्या पाळीत.

भट्टी, वेल्डिंग, बेकरी अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या घरी दिवस जायला जास्त वेळ लागतो, असं परदेशी अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडं फाउंड्रीबरोबर गुऱ्हाळंही आली. हंगामात चुलवाणाला जाळ घालायला बसणारा माणूस तासन्‌तास त्या झळीत असतो. नोकरी सोडा असं मी सांगणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांवर किती घरं चालतात हे मलाही दिसतं. पण सुपरवायझरशी बोलून तीन-चार महिने फिनिशिंगला किंवा डिस्पॅचला बदली मिळते का बघा. तेवढं नाही जमलं तर तासा-दीड तासाला झळीपासून दूर, हवेशीर जागी दहा मिनिटं. पाळी सुटल्यावर जाड, घामट कपडे लगेच उतरवा. ब्रास किंवा शिशाचं ओतकाम होत असेल तर मास्क आणि हात धुतल्याशिवाय खाणं नको. शिसं शुक्राणूंचं नुकसान करतं. हुपरीकडं चांदीकाम करणाऱ्यांनीही, टाका लावताना कॅडमियम वापरलं जात असेल, तर त्या धुराची हीच काळजी घ्यावी. शेतात फवारणी करत असाल तर अंगभर कपडे, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा. कॅलिफोर्नियात १९७७ मध्ये डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांचे शुक्राणू शून्यावर गेलेले आढळले. तिथल्या लोकांनी आपापसात बोलून "कुणालाच मूल कसं होईना" हे लक्षात आणलं, तेव्हा ते उघडकीला आलं.

बाकी उष्णता छोटी-मोठी. लॅपटॉप मांडीवर घेऊन तासभर बसलं तर पिशवीचं तापमान अडीच अंशांपेक्षा जास्त चढतं, हे मोजून पाहिलेलं आहे, टेबलावर ठेवा. गरम पाण्याच्या टबात बसणं, सॉना टाळा. आंघोळीच्या बादलीला मात्र दोष देऊ नका. मोबाइल खिशात ठेवण्याबद्दल सगळे विचारतात. स्वित्झर्लंडच्या २०२३ च्या अभ्यासात फोन फार वापरणाऱ्यांचा काउंट थोडा कमी निघाला, पण फोन खिशात ठेवण्याशी त्याचा संबंध दिसला नाही.

लंगोटाकडं येतो, कारण चुलत्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक कापडाचा लंगोट. हार्वर्डच्या २०१८ च्या अभ्यासात ६५६ पुरुषांत सैल चड्डी घालणाऱ्यांचा काउंट घट्ट घालणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे तालमीत कसरतीपुरता तास-दोन तास लंगोट कसायला हरकत नाही, जिममध्ये सपोर्टर घालायलाही नाही. पण तीच घामानं चिंब, नायलॉनची घट्ट चड्डी घालून पुढं दिवसभर कामावर जाणं सोडा. रात्री सैल सुती लुंगी किंवा हाफपँट.

दुसरा लंगोट म्हणजे ब्रह्मचर्य. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, या तालमींत वस्ताद पोरांकडून लंगोट पाळून घेत आले ते शिस्तीसाठी, लक्ष एका ठिकाणी राहावं म्हणून, आणि त्या शिस्तीनं खासबागचं मैदान गाजवणारे पैलवान घडवले. त्याबद्दल मला बोलायचं नाही. पण मूल हवं असणाऱ्या नवऱ्यानं वीर्य साठवलं तर उलटा परिणाम होतो. अंडकोष दिवसाला कोट्यवधी शुक्राणू बनवतच असतात, ते बचत खात्यासारखे पडून वाढत नाहीत. फार दिवस थांबलं की आकडा थोडा वाढतो पण त्यांत म्हातारे आणि मेलेले जास्त, हालचाल मंद, आतला डीएनए तुटलेला. वीर्य घट्ट की पातळ यावरूनही काही ठरत नाही. त्यातला बहुतेक द्रव दुसऱ्या ग्रंथींचा असतो, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. तुम्ही लिहिता की "योग्य दिवशी" म्हणून महिनाभर थांबता. ते आजपासून बंद. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा, महिनाभर. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस गर्भ राहण्याचे असतात, आणि दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवलं की ते आपोआप सापडतात. कॅलेंडरवर गोल करून त्या रात्री दोघांनी परीक्षेला बसल्यासारखं बसायची गरज नाही.

तालमीचा विषय निघालाच आहे तर वजनाचं बोलतो. तुम्हाला हे आज लागू नाही, पण तुमच्या ओळखीत निघतील. कुस्ती करताना बदाम, तूप, थंडाई, दूध कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध, सगळं जिरायचं कारण हजार-हजार जोर-बैठका व्हायच्या. पुढं नोकरी लागते, लग्न होतं. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही. पाच-सात वर्षांत शंभर-एकशे दहा किलो. पोटावरच्या चरबीत पुरुषी हार्मोनचं स्त्री हार्मोनमध्ये रूपांतर होतं, मेंदूचा हुकूम मंदावतो, मांड्यांच्या चरबीत पिशवी दाबून गरम राहते, घोरण्यानं झोप मोडते. इथं मात्र जीवनशैली खरंच औषधासारखी चालते. डेन्मार्कच्या एका अभ्यासात लठ्ठ पुरुषांनी आठ आठवड्यांत कमी कॅलरीच्या आहारानं सरासरी साडेसोळा किलो वजन उतरवलं, आणि काउंट जवळजवळ दीडपट झाला. पुढं वर्षभर ज्यांनी वजन परत चढू दिलं नाही त्यांचाच फायदा टिकला, चढलेल्यांचा गेला. जुन्या पैलवानांना मी जोर-बैठका पुन्हा सुरू करा असं एकदम सांगत नाही, गुडघे कामातून गेलेले असतात. आधी तूप आणि रात्रीचं दुसरं जेवण, मग चालणं.

तंबाखूचं थोडक्यात, कारण तुम्हाला ते आधीच माहीत आहे. मावा धूर सोडत नाही म्हणून तो सौम्य, ही समजूत चुकीची. चघळलेल्या तंबाखूनंही काउंट आणि हालचाल घटते, जितका जास्त तितकी जास्त. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो कुठं मिळतो हे मला पेशंटच सांगतात. दिवसाला दोन पुड्या असोत की सहा, पूर्ण बंद. दारू महिन्यातून कधीतरी असेल तर मी त्यावर वेळ घालवणार नाही, रोजची असेल तर घालवीन. रात्रपाळी असेल तर दिवसा खोली अंधारी करून सात तास सलग झोप; चार तास झोपून जिमला जाण्यापेक्षा त्या दिवशी जिम चुकवलेली चालेल.

गोळ्या? झिंक आणि फोलिक ॲसिडची जोडी केमिस्ट सहज देतात. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर ती तपासली, २०२० मध्ये निकाल आला: ना काउंट सुधारला, ना बाळंतपणं वाढली, पोट मात्र बिघडलं. अश्वगंधावर भारतात छोटे अभ्यास झालेत आणि त्यांतले आकडे आशा दाखवतात, पण त्या जोरावर मी कुणाला थांबवून ठेवणार नाही. घेत असाल तर सांगा, यकृतावर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. भस्मं नकोत. खायचंच असेल तर स्पेनमधल्या एका चाचणीत रोज ६० ग्रॅम बदाम-अक्रोड-हेझलनट १४ आठवडे खाणाऱ्या निरोगी तरुणांचे शुक्राणू संख्येनं आणि हालचालीनं थोडे सुधारले. वस्तादांच्या खुराकातला बदाम तेवढा खरा ठरला.

पण हे सगळं करूनही एक गोष्ट राहते, आणि जीवनशैलीवरचे सल्ले वाचून घरी बसणारे तिथंच फसतात. तुम्हाला अजून कुणी तपासलेलंच नाही. पँट उतरवून, उभं करून, हातानं. डाव्या अंडकोषाच्या वर शिरा गाठोड्यासारख्या फुगलेल्या असतील तर त्याला व्हेरिकोसील म्हणतात. सर्वसाधारण पुरुषांत ते १०० त १५ जणांना असतं, मूल न होणाऱ्यांत ३५ ते ४० जणांना. जड वजनं उचलून ते होत नाही, पण पोटावर जोर आल्यावर जास्त दिसतं. हाताला लागणारं व्हेरिकोसील असेल आणि काउंटही कमी असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, आणि त्याचा फायदा दिसायला परत तेच तीन ते सहा महिने. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी ऑपरेशन करू नका. लहानपणी अंडकोष खाली उतरला नव्हता का, गालफुगीत अंडकोष सुजले होते का, हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का, आतड्याच्या आजारासाठी सल्फासॅलाझिन चालू आहे का, हे सगळं विचारावं लागतं. अंडकोषात न दुखणारी कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. मूल नंतर, ती आधी. पुढच्या रिपोर्टला काउंट ५ मिलियनच्या खाली गेला तर गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राच्या तुकड्यांची तपासणी लागेल, आणि तिथं कितीही व्यायाम केला तरी काही बदलत नाही.

पत्नीचं. तुम्ही लिहिता, तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, नळ्यांचा एक्स-रेही झाला, सगळं ठीक, "म्हणून मग माझी केली." अडीच वर्षांनी! तिला कळा देणारी तपासणी आधी आणि डबीत नमुना देण्याची तपासणी शेवटी, हा क्रम आपल्याकडं घराघरांत आहे आणि त्याचा मला राग येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्यांत पुरुषाचाही वाटा असतो. दोघांची तपासणी एकाच आठवड्यात व्हायला हवी होती. ती २८ ची आहे, म्हणून आपल्याकडं तीन-सहा महिने प्रयत्नाला आहेत. ती ३६ ची असती तर मी जीवनशैलीच्या सल्ल्याबरोबरच पुढच्या उपचारांची तारीख दिली असती. आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडणं, करायला वीर्य धुतल्यानंतर साधारण ५ ते १० मिलियन हलते शुक्राणू हाताशी लागतात. त्याच्या बरेच खाली राहिलात तर इक्सीचं, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू थेट बीजात टोचण्याचं, बोलावं लागेल, आणि ते बोलायला उशीर करू नये.

तर आता असं करा. रक्त या आठवड्यात, सकाळी. त्याच आठवड्यात एखाद्या युरोलॉजिस्ट किंवा अँड्रोलॉजिस्टकडून तपासून घ्या. सीपीआरची, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाची, ओपीडीही चालेल. दुसरा वीर्य रिपोर्ट महिन्याभरानं, तीन-चार दिवस थांबून, लॅबमध्येच. तिसरा तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, म्हणजे तुलना करता येईल. ट्रेनरकडून त्या कोर्सच्या बाटल्यांची नावं आणि तारखा लिहून घ्या. तो आढेवेढे घेईल. त्याला सांगा, पोलिसात जायचं नाहीये, डॉक्टरला दाखवायचंय. रिकामी बाटली मिळाली तर तीच घेऊन या, आणि येताना पत्नीलाही बरोबर आणा, तिच्या फाइलसकट.